कुंडीतला पुदिना दर वेळी काड्या का होतो, आणि त्याची चटणी काळी का पडते

नर्सरीतून आणलेला किंवा मंडईतल्या जुडीतून लावलेला पुदिना पहिले दीड-दोन महिने भरभरून येतो. मग पानं लहान होत जातात, काड्या लांबतात, कुंडीचा मध्य बोडका पडतो आणि कडेकडेने चार फुटवे उरतात. पाणी वाढवा, खत घाला, कुंडीची जागा बदला, फरक पडत नाही. नवीन रोप आणलं की काही महिन्यांनी पुन्हा तेच. साधारण त्याच सुमारास स्वयंपाकघरातही तक्रार सुरू होते: चटणी कडवट लागते, तासाभरात काळपट पडते.

या दोन तक्रारी वेगवेगळ्या समजून त्यांवर वेगवेगळे उपाय केले जातात. खरं तर दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पुदिना चुकीच्या जागी खुडला की झाड काडीवर जातं, आणि काडीवर गेलेल्या झाडाची जून पानं मिक्सरमध्ये गेली की चटणी कडू होते. म्हणून आधी खुडण्याकडे बघू. माती, ऊन आणि कीड त्यानंतर.

खुडायचं कुठे

बहुतेक घरांत पुदिन्याची खालची मोठी पानं तोडली जातात आणि वरचा कोवळा शेंडा "वाढू दे" म्हणून ठेवला जातो. नुकसान इथेच होतं. शेंडा शाबूत असेपर्यंत झाडाचा जोर वर जाण्यात असतो. पेरांजवळचे, म्हणजे काडीवर जिथून पानं फुटतात त्या गाठींजवळचे, बाजूचे कोंब झोपलेले राहतात. खालची पानं गेल्यामुळे काडी उघडी पडते, टणक होते, आणि उघड्या जून काडीवर सहसा पुन्हा पानं येत नाहीत. दोन-तीन वेळा असं खुडलं की कुंडीत वीतभर लांब काड्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला चार पानं, एवढंच उरतं.

पुदिना पानं तोडून घेऊ नका, काडी कापून घ्या. काडी १५ ते २० सेंटिमीटर झाली की धारदार कात्रीने मातीपासून ४-५ सेंटिमीटर ठेवून कापायची. खाली दोन-तीन पेरं आणि त्यांवरची काही पानं राहिली पाहिजेत, आणि काप पेराच्या अगदी वर, अर्धा सेंटिमीटर अंतरावर असावा. प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पानं असतात आणि त्या दोन्हींच्या बगलेत एकेक कोंब असतो. शेंडा गेला की हे दोन्ही कोंब फुटतात, म्हणजे एका काडीच्या दोन होतात. हिवाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन-चार आठवड्यांत कुंडी पुन्हा कापणीला येते.

सगळी कुंडी एकदम कापायला जीव धजत नाही, हे समजण्यासारखं आहे. मग अर्धी आज कापा, अर्धी दहा दिवसांनी. रोज चहाला दोन पानं लागत असतील तर तीसुद्धा शेंड्यातूनच घ्या. आठवड्याला चटणी होणाऱ्या घरात एका कुंडीवर भागत नाही; तीन कुंड्या ठेवून आळीपाळीने कापल्या तर कुठल्याच कुंडीवर ताण येत नाही.

काडीच्या टोकाला जांभळट-पांढरे तुरे दिसायला लागले की तो फुटवा लगेच खाली कापा. तुरा आल्यावर पानं छोटी आणि राठ होतात, चवीला कडवट लागतात. तुऱ्याचं नुसतं टोक खुडून उपयोग नाही, खालची काडी तोवर जून झालेली असते.

मधोमध बोडकी कुंडी

नीट कापूनही वर्षभराने कुंडीचा मध्य रिकामा होतो, तेव्हा दोष तुमचा नसतो. पुदिना मातीलगत आणि मातीखाली आडव्या धावत्या फांद्या सोडून पसरतो. बागेत त्या दूर जातात आणि नव्या जमिनीत रुजतात. कुंडीत त्या भिंतीला धडकतात, गोल गोल फिरतात, आणि सगळी नवी फूट कडेला येते. मधला मूळ गड्डा जुना, लाकडी होत जातो. वरून खत टाकलं तरी ते खाणारी कोवळी मुळं मधे उरलेलीच नसतात. पाणी घातल्याबरोबर भोकातून सरळ खाली वाहून जात असेल, तर कुंडीत मातीपेक्षा मुळं जास्त झाली असं समजा.

यावर उपाय एकच, कुंडी मोडून पुन्हा लावणे. १२ इंची कुंडी वर्षातून एकदा, ८ इंची असेल तर सहा-आठ महिन्यांनी. महाराष्ट्रात यासाठी दोन वेळा चांगल्या: पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, किंवा ऊन तापण्याआधी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. मे महिन्यात हे काम काढू नका.

आदल्या संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी द्या. सकाळी सगळ्या काड्या ४-५ सेंटिमीटरवर कापा, कुंडी आडवी करून थोपटा आणि हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, बाहेर काढा. जुन्या सुरीने तिचे चार भाग करा. मधला तपकिरी, लाकडी भाग टाकून द्या, त्याचा मोह नको. कडेच्या भागातून पांढऱ्या, रसरशीत धावत्या फांद्या निवडा आणि प्रत्येकीवर तीन-चार पेरं येतील असे ८-१० सेंटिमीटरचे तुकडे करा. नव्या मातीत हे तुकडे आडवे ठेवून वर २-३ सेंटिमीटर माती पसरा. १२ इंची कुंडीला असे सहा-सात तुकडे पुरतात. आठवडाभर सावलीत ठेवून माती ओलसर राखली की दहा-पंधरा दिवसांत फूट वर दिसते.

जुडीतल्या काडीपासून लावायचं असेल तर पेन्सिलीपेक्षा बारीक पण टणक नसलेल्या, हिरव्या काड्या घ्या. १० सेंटिमीटर लांबी, पेराच्या खाली काप, खालच्या दोन पेरांवरची पानं काढलेली, आणि ती दोन पेरं पाण्यात. दिवसाआड पाणी बदला. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. ती ३ सेंटिमीटर झाली की लगेच मातीत लावा. ग्लासात महिनाभर ठेवून लांब झालेली पांढरी मुळं दिसायला छान असतात, पण मातीत गेल्यावर त्यांतली बरीच मरतात आणि रोप मान टाकतं.

कुंडी आणि माती

पुदिन्याला खोली कमी आणि पसारा जास्त लागतो. १२ इंच रुंद, ८ इंच खोल कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग उत्तम. उंच निमुळती कुंडी घेतली तर खालची अर्धी माती मुळांविना ओली राहते आणि कुजण्याला सुरुवात तिथून होते.

अशा एका कुंडीसाठी साधारण १० लिटर मिश्रण लागतं: ४ लिटर बागेची माती, ३ लिटर गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, २ लिटर भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ लिटर जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भातली काळी माती असेल तर तिचं प्रमाण २ लिटरवर आणा आणि तेवढं कोकोपीट वाढवा. काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि सुकल्यावर भेगाळून मुळं तोडते. कोकणातली लाल माती चालते, फक्त तिला खत थोडं जास्त लागतं.

पुढे दर दोन कापण्यांनंतर दोन मुठी गांडूळखत कडेने पसरून खुरपीने हलकेच मिसळा. युरियाचे दाणे टाकू नका. पानं तळव्याएवढी होतील पण वास पातळ होईल, आणि पुदिन्यात वासाशिवाय घेण्यासारखं आहे काय? चहाचा चोथा घालणाऱ्यांनी तो आधी धुऊन दूध-साखर काढून टाकावी आणि वाळवून चमचाभरच घालावा. ओला, गोड चोथा वरून टाकला की मुंग्या येतात आणि पांढरी बुरशी धरते.

पिवळी पानं: कुठली पिवळी पडली ते आधी बघा

नुसतं "पिवळी पडली" म्हणून उपाय होत नाही. खालची जुनी पानं एकसारखी पिवळी होऊन गळत असतील आणि नवी पानं लहान येत असतील, तर नत्र कमी आहे. कापणी करा, खत द्या. वरची नवी पानं पिवळी पण शिरा मात्र हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या कुंड्यांत हे हमखास दिसतं: पाण्यातल्या क्षारांमुळे माती अल्कधर्मी होते आणि लोह असूनही मुळांना घेता येत नाही. कुंडीच्या काठावर पांढरी पूड दिसली की ओळखा. पावसाचं किंवा नळाचं पाणी द्या, आणि नर्सरीत मिळणारं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या प्रमाणात मातीत द्या. गंजलेले खिळे पुरून काही होत नाही.

सगळंच झाड फिकट, माती ओली आणि पानं तरीही मलूल असतील तर मुळं गुदमरली आहेत. इथे माणूस नेमकी उलटी गोष्ट करतो: पानं मलूल दिसली म्हणून आणखी पाणी घालतो. पाणी देण्याआधी तर्जनीचं पहिलं पेर मातीत घाला. ओल लागली तर थांबा. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत द्या. हिवाळ्यात दिवसाआड पुरतं, एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ लागतं. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा आणि कुंडी दोन विटांवर उचला. मातीच्या पातळीवर देठ काळा, मऊ झाला असेल तर ते झाड वाचवायच्या फंदात न पडता वरचे हिरवे शेंडे कापून पाण्यात रुजवा आणि माती फेकून द्या.

ऊन

पेरा-पेरांतलं अंतर सांगतं की ऊन पुरतं की नाही. दोन पेरांत दीड-दोन सेंटिमीटर अंतर असेल तर ठीक. ते चार-पाच सेंटिमीटर झालं, काडी ग्रिलकडे झुकली, पानं पातळ आणि फिकट झाली, तर ऊन कमी आहे. पुदिना सावलीत वाढतो असं सर्रास सांगितलं जातं. तो सावलीत जगतो, वाढायला मात्र त्याला सकाळचं चार-पाच तास ऊन हवं. मार्चनंतर नागपूर-अकोल्याकडे तर दुपारी अकरापासून सावली हवीच, हिरवी जाळी चालेल. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मेमध्ये कुंडी दुसऱ्या मोठ्या झाडाच्या आडोशाला सरकवा. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर ठेवलेली कुंडी कितीही पाणी दिलं तरी करपते, तिथून ती हलवण्यावाचून उपाय नाही.

थंडीच्या देशांत राहणाऱ्यांसाठी एवढंच: हिमवर्षावात वरचं झाड पूर्ण वाळतं, पण मातीखालच्या फांद्या जिवंत असतात. मेला म्हणून कुंडी रिकामी करू नका, वसंतात फूट येते. आणि तिकडे अंगणात मोकळ्या जमिनीत लावू नका, दोन वर्षांत शेजारचे वाफे खाऊन टाकेल.

कीड आणि रोग

उन्हाळ्यात पानांवर बारीक पांढुरके ठिपके येऊन पान निस्तेज, धुरकट दिसायला लागलं तर पान उलटं करा. बारीक जाळी आणि टाचणीच्या टोकाहून लहान हलणारे ठिपके म्हणजे लाल कोळी. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली की ते स्पष्ट दिसतात. कोरड्या गरम हवेत कोळी वाढतो, म्हणून पहिला उपाय पाण्याचा: सलग तीन दिवस सकाळी पानांच्या खालच्या बाजूने जोरदार फवारा. तरीही राहिला तर झाड ४-५ सेंटिमीटरवर कापून टाका आणि उरलेल्या भागावर १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि चार-पाच थेंब भांडी घासायचं द्रव साबण घालून, चांगलं घुसळून, संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा एकदा. पुदिना आपण कच्चा खातो, त्यामुळे किडीवरची रासायनिक औषधं घरच्या कुंडीवर नकोतच. कडुनिंबाचा वास पानाला लागतो, म्हणून फवारल्यानंतरची पहिली फूट येईपर्यंत कापणी थांबवा. मावा आणि पांढरी माशी यांनाही हेच लागू.

पानाच्या खाली नारिंगी-तपकिरी पुडीचे फोड दिसले तर तो तांबेरा. ही बुरशी धावत्या फांद्यांतूनही पुढच्या कुंडीत जाते, त्यामुळे इथे दयामाया नाही: झाड, मुळं, माती सगळं बाहेर, कंपोस्टमध्येही नाही. कुंडी घासून उन्हात तापवा आणि नवं रोप दुसरीकडून आणा. भुरी आली, म्हणजे पानावर पांढरी पीठासारखी बुरशी दिसली, तर गर्दी कापून हवा खेळती करा आणि पाणी पानांवर न घालता मातीत घाला.

चटणी कडू का

कात्रीने शेंडे कापायला लागलं की निम्मी कडवट चव तिथेच जाते. उरलेली तीन कारणांनी येते. पहिलं देठ. पुदिन्याचा देठ कोथिंबिरीच्या देठासारखा चालत नाही. वरचा कोवळा दोन इंच भाग सोडला तर बाकी काढूनच टाका. दुसरं, मिक्सर फार वेळ फिरवणं. तिसरं लिंबू: बी किंवा सालीचा पांढरा भाग भांड्यात पडला की चटणी गेलीच. रस वाटीत गाळून मग घाला.

नुसत्या पुदिन्याची चटणी उग्र होते. रोजच्या चटणीला दोन वाट्या घट्ट दाबलेली कोथिंबीर, एक वाटी घट्ट दाबलेली पुदिन्याची पानं, दोन-तीन हिरव्या मिरच्या, अर्धा इंच आलं, अर्धा चमचा जिरं, एक मोठा चमचा डाळं, चवीला मीठ, एक मोठा चमचा लिंबाचा रस, अर्धा चमचा साखर. चटणीला पाणी सुटतं अशी तक्रार असेल तर डाळं त्यासाठीच आहे. आधी जिरं, डाळं, आलं, मिरची, मीठ कोरडं फिरवून घ्या, मग पानं, लिंबाचा रस आणि तीन-चार चमचे बर्फाचं पाणी घाला. मिक्सर पाच-पाच सेकंद थांबत थांबत फिरवा. झालेली कडू चटणी पूर्ण सुधारत नाही, पण दोन चमचे घट्ट दही किंवा थोडं ओलं खोबरं घातलं तर खाण्याजोगी होते.

चटणी कडू नसून टूथपेस्टसारखी थंडगार लागत असेल, तर झाडच वेगळं आहे. आपल्या बाजारातल्या पुदिन्याच्या वासात मुख्य भाग कार्व्होन या सुगंधी घटकाचा असतो. पेपरमिंट किंवा जपानी पुदिन्यात थंडावा देणारं मेंथॉल भरपूर असतं. नर्सरीत नुसत्या "मिंट"च्या नावाखाली दोन्ही विकले जातात. घेण्याआधी एक पान चावून बघा.

काळी का पडते

पान चिरडलं की त्यातली विकरं (एन्झाइम) आणि फिनॉल वर्गातले घटक एकत्र येतात, हवेतला प्राणवायू लागतो आणि रंग तपकिरी-काळा होतो. मिक्सरच्या पात्याची उष्णता हे काम वेगाने करते. बर्फाचं पाणी आणि वाटतानाच घातलेलं लिंबू यामुळे ते मंदावतं. पण लिंबाची दुसरी बाजूही आहे: आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग हळूहळू खाकी होतो. म्हणून दुसऱ्या दिवशीची चटणी काळी नसली तरी शेवाळी दिसते.

यातून दोन वेगळ्या पद्धती निघतात. आजच संपणाऱ्या चटणीत लिंबू मिक्सरमध्येच घाला. तीन-चार दिवस ठेवायची असेल तर पानं उकळत्या पाण्यात १० ते १५ सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, पिळा आणि वाटा. लिंबू मात्र ताटात वाढताना घाला. उकळत्या पाण्याने विकरं निष्क्रिय होतात. थोडा वास जातो, म्हणून रोजच्या चटणीला हे करू नका. खायचा सोडा घालून रंग राखण्याची युक्ती सुचवली जाते. रंग राहतो, चव साबणासारखी होते. पाणीपुरीच्या पाण्यात चिंच घालायची असेल तर पुदिन्याचं वाटण गाळून झाल्यावर शेवटी घाला, नाहीतर पाणी सुरुवातीपासूनच मळकट दिसतं.

पुदिन्याचा वास पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म तेलग्रंथींत असतो आणि उष्णतेने तो उडतो. त्यामुळे चहात उकळताना नव्हे, गॅस बंद केल्यावर पानं टाकून झाकण ठेवा. बिर्याणीत दमाच्या थरात घाला, मसाला परतताना घातलेला पुदिना फक्त रंग देतो. मठ्ठ्यात पानं हाताने चुरडून शेवटी घाला आणि पंधरा मिनिटं गार होऊ द्या.

साठवण

फ्रिजमध्ये पानं काळी पडतात ती ओली ठेवल्यामुळे. न धुता, मातकट काड्या तेवढ्या काढून, कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात ठेवा, आठवडाभर टिकतात. धुवायचं ते वापरण्याच्या वेळी. जास्त पुदिना निघाला तर पानं चिरून बर्फाच्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यासह गोठवा, हे खडे मठ्ठ्याला आणि सरबताला चालतात, चटणीला नाहीत. वाळवायचा असेल तर काड्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी उलट्या टांगा. उन्हात वाळवला तर रंग आणि वास दोन्ही जातात. पान बोटांत चुरचुरलं की काडीवरून ओरबाडून अख्खंच बरणीत भरा आणि चुरा वापरायच्या वेळी करा.